शब्द तेच, अर्थ निराळे : मॉर्मन पंथाची जन्मकथा आणि श्रद्धा

पांढरा सदरा, गळ्यात टाय, खिशावर नावाची काळी पट्टी आणि हातात एक ग्रंथ, अशा वेशातील दोन तरुण जगातील अनेक शहरांत दारोदार फिरताना दिसतात. त्यांचे बोलणे आदबशीर, वागणे निर्मळ. चहा पुढे केला तर ते नम्रपणे नाकारतात आणि पाणी मागून घेतात. नोकरीधंद्यानिमित्त अमेरिकेत, कॅनडात, ऑस्ट्रेलियात स्थिरावलेल्या आपल्या अनेक कुटुंबांना ही जोडी परिचयाची आहे. भारतातील काही मोठ्या शहरांतही त्यांच्या मंडळ्या आहेत. हे तरुण प्रभू येशूचे नाव घेतात, स्वर्गीय पित्याची प्रार्थना करतात, पवित्र आत्म्याविषयी बोलतात. साहजिकच ऐकणाऱ्याला प्रश्न पडतो : हे आपल्यासारखेच ख्रिस्ती ना? मग आपल्यात आणि त्यांच्यात भेद तो कोणता?

या प्रश्नाला एक अधिकृत उत्तर मिळाले आहे. ५ जून २००१ रोजी रोममधील श्रद्धासिद्धांत मंडळाने असा निर्णय दिला, की मॉर्मन मंडळीत दिलेला स्नानसंस्कार कॅथलिक ख्रिस्तसभा ग्राह्य धरत नाही. हा निर्णय अनेकांना कोड्यात टाकणारा होता. लुथरन, अँग्लिकन किंवा मेथॉडिस्ट बंधुभगिनींचा स्नानसंस्कार आपण मान्य करतो; त्यांच्यापैकी कोणी कॅथलिक झाल्यास त्याला पुन्हा स्नानसंस्कार देत नाही. मॉर्मन मंडळीही पाण्याने, आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्याच नावाने तो देते. मग हा वेगळा न्याय का? त्याचे उत्तर त्या पंथाच्या इतिहासात दडलेले आहे. तो इतिहास दोनशे वर्षांहून फारसा जुना नाही. म्हणूनच त्याची कागदपत्रे उपलब्ध आहेत आणि तो तपासून पाहता येतो.

फाटाफुटीची भूमी

पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ याचा जन्म २३ डिसेंबर १८०५ रोजी अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातील शॅरन या गावी एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला. १८१५ साली इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला. त्याच्या राखेने आकाश झाकोळले आणि पुढच्या वर्षी उत्तर अमेरिकेच्या ईशान्य भागात ऐन उन्हाळ्यात हिमतुषार पडून पिके बुडाली. त्या वर्षीच्या नापिकीने गाव सोडणाऱ्या अनेकांमध्ये स्मिथ कुटुंब होते. ते न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागातील पालमायरा या गावी आले.

हा प्रदेश त्या काळी धार्मिक उत्साहाने अक्षरशः पेटलेला होता. मेथॉडिस्ट, बॅप्टिस्ट, प्रेस्बिटेरियन अशा पंथांचे उपदेशक मांडव घालून दिवसचे दिवस सभा भरवीत. लोक रडत, पश्चात्ताप करीत, एका पंथातून दुसऱ्या पंथात जात. प्रत्येक उपदेशक हाती एकच बायबल घेऊन बोलत होता आणि प्रत्येकाचा निष्कर्ष मात्र दुसऱ्याहून निराळा होता. ही फूट स्मिथांच्या घरातही शिरली. आई ल्युसी आणि काही मुले प्रेस्बिटेरियन झाली. वडील कोणत्याच मंडळीत गेले नाहीत. जोसेफचा ओढा मेथॉडिस्टांकडे होता.

अशा घरात वाढणाऱ्या एका विचारी मुलाला, यांपैकी खरी मंडळी कोणती, असा प्रश्न पडावा यात नवल नाही. पुढे जोसेफने सांगितले, की याकोबाच्या पत्रात ज्ञान उणे असलेल्याने ते देवाकडे मागावे असा जो उपदेश आहे, तो वाचून आपण १८२० च्या वसंत ऋतूत घराजवळच्या वनराईत प्रार्थनेस गेलो. तेथे पिता आणि पुत्र अशा दोन तेजस्वी व्यक्ती आपल्याला दिसल्या. कोणत्याही मंडळीत सामील होऊ नकोस, कारण त्या सर्व मार्ग चुकल्या आहेत, असे आपल्याला सांगण्यात आले. त्या वेळी त्याचे वय चौदा वर्षांचे होते.

येथे इतिहासकार एक गोष्ट नोंदवतात. जोसेफने या दर्शनाची हकीकत १८३२ ते १८४२ या काळात अनेकदा सांगितली आणि ती प्रत्येक वेळी सारखी नाही. १८३२ च्या सर्वांत जुन्या हकिकतीत प्रभूचे दर्शन आणि पापांची क्षमा यांवर भर आहे. पिता आणि पुत्र अशा दोन वेगळ्या देहधारी व्यक्ती, आणि साऱ्या मंडळ्या चुकीच्या असल्याचा निर्वाळा, हे आज प्रमाण मानले जाणारे रूप १८३८ च्या हकिकतीतले आहे.

सोन्याच्या पत्र्यांची कथा

त्या काळी ग्रामीण न्यूयॉर्कमध्ये जमिनीत पुरलेले धन शोधण्याचे वेड पसरले होते. विशिष्ट खड्यात पाहून गुप्तधन दिसते अशी समजूत होती आणि जोसेफ हे काम करीत असे. १८२६ साली याच कारणावरून त्याला न्यायाधीशापुढे उभे राहावे लागले होते.

जोसेफच्या सांगण्यानुसार २१ सप्टेंबर १८२३ च्या रात्री मोरोनी नावाचा देवदूत त्याच्या खोलीत प्रकट झाला आणि जवळच्या टेकडीत सोन्याच्या पत्र्यांवर लिहिलेला एक प्राचीन ग्रंथ पुरलेला असल्याचे त्याने सांगितले. पुढे या टेकडीस क्युमोरा हे नाव पडले. चार वर्षांनी, २२ सप्टेंबर १८२७ रोजी, ते पत्रे आपल्या हाती आले असे तो म्हणतो. त्यावरील लिपी सुधारित इजिप्शियन होती आणि ती वाचण्यासाठी सोबत दिव्य खडे दिलेले होते. प्रत्यक्ष लेखनाच्या वेळी मात्र जोसेफ पुष्कळदा आपला जुना खडा टोपीत ठेवून, टोपीत तोंड घालून मजकूर सांगत असे, अशी साक्ष त्याची पत्नी एमा आणि इतर निकटवर्तीयांनी दिली आहे. या खड्याचे छायाचित्र २०१५ साली त्या मंडळीनेच प्रसिद्ध केले.

मार्टिन हॅरिस नावाचा सधन शेतकरी हा पहिल्या लेखनिकांपैकी एक. १८२८ साली त्याने घरच्यांना दाखवण्यासाठी नेलेली ११६ पाने हरवली, ती कायमचीच. पुढील वर्षी ऑलिव्हर काउडरी हा तरुण शिक्षक लेखनिक म्हणून लाभला आणि काही महिन्यांतच ग्रंथ पूर्ण झाला. हॅरिसने आपली शेती तीन हजार डॉलरांना गहाण टाकून पाच हजार प्रतींच्या छपाईची हमी घेतली. मार्च १८३० मध्ये जवळजवळ सहाशे पानांचा हा ग्रंथ पालमायरात विक्रीस आला. मूळ पत्रे देवदूताने परत नेले असे सांगितले जाते. आपण ते पाहिले अशी तीन आणि आठ साक्षीदारांची निवेदने ग्रंथात छापलेली आहेत. त्या तिघांचे पुढे जोसेफशी बिनसले आणि तिघेही मंडळीबाहेर गेले. पण आपली साक्ष मात्र कोणी मागे घेतली नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

मॉर्मन ग्रंथात काय आहे?

ख्रिस्तपूर्व सुमारे ६०० मध्ये लीहाय नावाचा संदेष्टा आपल्या कुटुंबासह यरुशलेम सोडून जहाजाने अमेरिकेत आला, अशी या ग्रंथाची मूळ कथा आहे. त्याच्या मुलांपासून नीफायट आणि लामनायट असे दोन वंश झाले आणि त्यांच्यात शतकानुशतके युद्धे चालली. पुनरुत्थानानंतर प्रभू येशूने अमेरिकेत येऊन या लोकांना दर्शन व शिकवण दिली, हा ग्रंथाचा परमोच्च प्रसंग. अखेरीस ख्रिस्तोत्तर चौथ्या शतकात नीफायटांचा संहार झाला. त्यांचा सेनापती मॉर्मन याने आपल्या लोकांचा इतिहास संकलित केला होता. त्याचा पुत्र मोरोनी याने तो पुरून ठेवला. हाच मोरोनी पुढे देवदूत होऊन जोसेफला भेटला.

या इतिहासाला मॉर्मन मंडळीबाहेरील पुरातत्त्वशास्त्रज्ञांनी कधीच दुजोरा दिलेला नाही. ग्रंथात घोडे, गहू, पोलाद यांचे उल्लेख येतात. पण त्या कथेच्या काळातील अमेरिकेत या गोष्टी असल्याचा मान्य पुरावा नाही. अमेरिकेतील मूळ रहिवाशांचे पूर्वज ईशान्य आशियातून आले, असे जनुकशास्त्र सांगते. ग्रंथाच्या प्रस्तावनेत १९८१ पासून लामनायटांना या रहिवाशांचे प्रमुख पूर्वज म्हटले होते. २००६ नंतर ते पूर्वजांपैकी एक असे बदलण्यात आले. यशया संदेष्ट्याचे अनेक अध्याय या ग्रंथात येतात आणि ते १६११ च्या प्रसिद्ध इंग्रजी बायबलच्या भाषेशी मोठ्या प्रमाणात जुळतात.

मंडळी, वनवास आणि रक्त

६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क राज्यातील फेएट येथे एका शेतकऱ्याच्या घरी सहा जणांनी कायदेशीर सदस्य म्हणून मंडळीची स्थापना केली. आरंभी तिचे नाव ख्रिस्ताची मंडळी असे होते. अंत्यकाळातील संतांची येशू ख्रिस्ताची मंडळी हे नाव १८३८ साली आले. मॉर्मन हे लोकांनी ग्रंथावरून पाडलेले नाव. ते वापरू नये असा आग्रह मंडळीच्या अध्यक्षांनी २०१८ मध्ये धरला. या लेखात ते केवळ वाचकांच्या ओळखीचे म्हणून वापरले आहे.

पुढील चौदा वर्षे या लोकांनी एकामागून एक गावे वसवली आणि गमावली. ओहायोतील कर्टलंड येथे त्यांनी पहिले मंदिर बांधून १८३६ मध्ये त्याचे समर्पण केले. पण त्यांनी काढलेली पेढी पुढच्या वर्षी बुडाली आणि अनेक अनुयायी दुरावले. मिझुरी राज्यात नवे सियोन उभारण्याच्या प्रयत्नात ते स्थानिकांच्या रोषास पात्र झाले. त्यांची एकगठ्ठा मते, त्यांची एकजूट, जमीन आपल्याला देवाने दिली आहे हा त्यांचा दावा, या साऱ्यांतून वैर वाढत गेले. २७ ऑक्टोबर १८३८ रोजी राज्यपाल लिलबर्न बॉग्ज याने मॉर्मन लोकांचा नायनाट करावा किंवा त्यांना राज्याबाहेर हाकलावे असा लेखी हुकूम काढला. तीन दिवसांनी हॉन्स मिल या वस्तीवर जमावाने हल्ला करून सतरा जणांना ठार केले. त्यांत दहा वर्षांचा एक मुलगा होता. तो हुकूम अधिकृतरीत्या रद्द व्हायला १९७६ साल उजाडावे लागले. श्रद्धेपायी छळ सोसलेल्यांच्या वारसांनी, म्हणजे आपण, ही पाने मान खाली घालूनच वाचावीत.

इलिनॉय राज्यात मिसिसिपी नदीकाठी त्यांनी नॉवू हे नगर वसवले. जोसेफ तेथे संदेष्टा होता, महापौर होता आणि नगराच्या सशस्त्र दलाचा सेनापतीही होता. १८४४ साली तो अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठीही उभा राहिला. मॉर्मन श्रद्धेतील सर्वांत वेगळ्या गोष्टी याच काळातल्या : मृतांसाठी स्नानसंस्कार, मंदिरातील गुप्त विधी, आणि बहुपत्नीत्व. बहुपत्नीत्वाचे प्रकटीकरण १८४३ मध्ये लिहून काढले गेले, पण ते गुप्त ठेवण्यात आले. जोसेफच्या पत्नींची संख्या तीस ते चाळीस असावी, हा अंदाज २०१४ मध्ये मंडळीनेच प्रसिद्ध केलेल्या लेखात आहे. एमाला याचे अपार दुःख झाले.

जून १८४४ मध्ये दुरावलेल्या काही अनुयायांनी वृत्तपत्र काढून ही गुपिते उघड केली. महापौर जोसेफ आणि नगरपरिषद यांनी तो छापखाना उद्ध्वस्त करवला. या प्रकरणातून तो आणि त्याचा भाऊ हायरम कार्थेज येथील तुरुंगात असताना, २७ जून १८४४ रोजी तोंडाला रंग फासलेल्या जमावाने आत घुसून दोघांनाही गोळ्या घातल्या. जोसेफचे वय अडतीस होते.

वाळवंटातील राज्य

संस्थापक गेला की पंथ विरेल, असे शत्रूंना वाटत होते. तसे घडले नाही. एमा आणि तिची मुले नॉवूतच राहिली आणि पुढे एका वेगळ्या शाखेचे नेतृत्व तिच्या मुलाकडे गेले. बहुसंख्य अनुयायी मात्र ब्रिगॅम यंग या सुताराच्या मागे पश्चिमेकडे निघाले. २४ जुलै १८४७ रोजी तो मोठ्या खाऱ्या सरोवराच्या खोऱ्यात पोहोचला आणि तेथे सॉल्ट लेक सिटी उभी राहिली. १८६९ मध्ये रेल्वे येईपर्यंत साठ ते सत्तर हजार माणसे बैलगाड्यांनी, काही तर हातगाड्या ओढीत, तेथे गेली. १८५६ साली हातगाड्यांचे दोन तांडे बर्फात अडकले आणि दोनशेहून अधिक माणसे मेली. दुसरी बाजूही लपवता येत नाही. ११ सप्टेंबर १८५७ रोजी दक्षिण युटात स्थानिक मॉर्मन सैनिकांनी वाटेने जाणाऱ्या सुमारे १२० निरपराध प्रवाशांची कत्तल केली.

याच सुमारास या पंथाचा आपल्या भूमीशीही संबंध आला. ह्यू फिंडले हा मॉर्मन प्रचारक १८५२ मध्ये मुंबईस आला. मुंबई आणि पुणे येथे त्याने प्रचार केला आणि मराठी लोकांना उद्देशून एक पुस्तिकाही लिहिली. पण त्याच वर्षी युटात बहुपत्नीत्वाची जाहीर घोषणा झाली. ती वार्ता येथवर पोहोचल्यावर इंग्रज वर्तुळात मॉर्मन प्रचारकांना दारे बंद झाली. त्या दशकाच्या मध्यानंतर हे काम थांबले.

अमेरिकन शासनाने एकामागून एक कायदे करून बहुपत्नीत्वाविरुद्ध पाश आवळला. १८८७ च्या कायद्याने मंडळीची मालमत्ताच जप्त होऊ लागली. १८९० मध्ये अध्यक्ष विल्फर्ड वुड्रफ याने नवे बहुपत्नीक विवाह थांबवल्याचे जाहीर केले आणि १८९६ मध्ये युटाला राज्याचा दर्जा मिळाला. आज मुख्य मंडळीत असा विवाह करणाऱ्याला काढून टाकले जाते. ही चाल फुटून निघालेल्या लहान गटांतच उरली आहे. कृष्णवर्णीय पुरुषांना याजकपद नाकारणारा नियमही १९७८ मध्ये, नव्या प्रकटीकरणाच्या आधारे, रद्द झाला. आज मंडळीच्या स्वतःच्या गणनेनुसार तिची सदस्यसंख्या पावणेदोन कोटींच्या आसपास आहे आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक अमेरिकेबाहेर राहतात.

श्रद्धेचा गाभा

मॉर्मन श्रद्धेची सारी इमारत एका विटेवर उभी आहे. ती वीट अशी : प्रेषितांच्या मृत्यूनंतर ख्रिस्ताची मंडळी भ्रष्ट झाली, तिचा अधिकार पृथ्वीवरून उचलला गेला, आणि सुमारे सतराशे वर्षांनी तो जोसेफ स्मिथमार्फत पुन्हा स्थापित झाला. बाप्तिस्मा करणारा योहान, तसेच पेत्र, याकोब व योहान हे स्वर्गातून येऊन आपल्याला आणि काउडरीला याजकपद देऊन गेले, असे जोसेफ सांगे. म्हणून मॉर्मन मंडळी स्वतःला कॅथलिक वा प्रोटेस्टंट यांपैकी काहीच मानत नाही. तिच्या शिरोभागी एक अध्यक्ष व संदेष्टा, त्याचे सल्लागार आणि बारा प्रेषित असतात. आणि देवाचे प्रकटीकरण अद्याप संपलेले नाही, अशी तिची श्रद्धा आहे. बायबल, मॉर्मन ग्रंथ आणि जोसेफच्या प्रकटीकरणांचे व लेखनाचे दोन संग्रह असे चार धर्मग्रंथ ती मानते.

दुसरी गोष्ट देवाविषयीची. आपण एकच परमेश्वर मानतो. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या तीन व्यक्ती, पण सत्त्व एक. मॉर्मन शिकवणीत हे तिघे तीन वेगळे जीव आहेत; ते इच्छेने आणि कार्याने एक आहेत, सत्त्वाने नव्हे. पित्याला मांसाचे आणि हाडांचे शरीर आहे. देव स्वतः एके काळी मनुष्यासारखा होता आणि मनुष्यही प्रगती करीत देवासारखा होऊ शकतो, असे जोसेफने आपल्या मृत्यूआधी काही आठवडे, एप्रिल १८४४ मध्ये एका गाजलेल्या प्रवचनात सांगितले. देवाने शून्यातून सृष्टी निर्माण केली हे ते मानत नाहीत. मूळ द्रव्य अनादि आहे आणि देवाने त्याला आकार दिला, असे ते म्हणतात.

तिसरी गोष्ट माणसाविषयीची. आपण सारे जन्मापूर्वी स्वर्गीय माता-पित्याची आत्मिक लेकरे म्हणून जगत होतो, आणि देह धारण करून परीक्षा देण्यासाठी पृथ्वीवर आलो. मृत्यूनंतर बहुतेक सर्वांना तीन पायऱ्यांच्या स्वर्गापैकी एकात स्थान मिळते. सर्वोच्च पद मिळवण्यासाठी मंदिरातील विधी आणि अनंतकाळासाठी बांधला जाणारा विवाह आवश्यक आहे. 'मृत्यू आपल्याला वेगळे करीपर्यंत' ही मर्यादा त्यांच्या मंदिरातील विवाहाला नाही. कुटुंब कधीच तुटत नाही, हे आश्वासन अनेकांना या पंथाकडे ओढून नेते.

त्यांचे आचरण पाहून कोणीही प्रभावित व्हावे. दारू, तंबाखू, चहा आणि कॉफी वर्ज्य. उत्पन्नाचा दशांश मंडळीला. महिन्यातून एक उपास आणि त्यातून वाचलेले पैसे गरिबांना. स्थानिक मंडळी सांभाळणाऱ्यांना वेतन नसते. त्यांचा बिशप हा पोटापाण्याचा व्यवसाय सांभाळणारा संसारी गृहस्थ असतो. तरुण मुले स्वखर्चाने दोन वर्षे धर्मप्रचारास वाहून घेतात.

आपल्या नोंदवह्या आणि त्यांचे मंदिर

ज्यांना जिवंतपणी खरी मंडळी भेटली नाही, त्यांचे काय? यावर मॉर्मन उत्तर असे की, जिवंत माणसाने मंदिरात जाऊन मृताच्या नावाने स्नानसंस्कार घ्यावा. तो स्वीकारणे वा नाकारणे मृताच्या आत्म्यावर राहील. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातील एका अवघड वचनाचा ते आधार घेतात. यासाठी पूर्वजांची नावे हवीत, म्हणून त्यांनी वंशावळींचे जगातील सर्वांत मोठे भांडार उभारले. जगभरच्या जन्म, विवाह आणि मृत्यूच्या नोंदींची सूक्ष्मचित्रे सॉल्ट लेक सिटीजवळच्या डोंगरात खोदलेल्या कोठारांत जपून ठेवलेली आहेत. अनेक देशांतील कॅथलिक धर्मग्रामांच्या नोंदवह्याही त्यांनी अशा चित्रित केल्या.

यात हेतू प्रेमाचा आहे, हे मान्य केले तरी प्रश्न उरतोच. ज्या आजीने आयुष्यभर रोझरी केली, जिचा अंत्यविधी मिस्साबलिदानाने झाला, तिच्या नावाने परक्या मंदिरात पुन्हा स्नानसंस्कार व्हावा काय? छळछावण्यांत मारल्या गेलेल्या ज्यू लोकांच्या नावेही असे विधी झाल्याचे उघड झाल्यावर ज्यू संघटनांनी आक्षेप घेतला आणि १९९५ मध्ये मंडळीने ते थांबवण्याचे मान्य केले. २००८ मध्ये रोमच्या याजकविषयक मंडळाने जगभरच्या बिशपांना कळवले, की धर्मग्रामांच्या नोंदवह्या या कामासाठी देऊ नयेत. आपल्या देवळातील कपाटात असलेली ती जुनी वही किती मोलाची आहे, याची जाणीव या निर्णयाने करून दिली.

निर्णयामागचे कारण

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. प्रसंगी एखादी ख्रिस्ती नसलेली परिचारिकासुद्धा मरणासन्न बालकाला स्नानसंस्कार देऊ शकते, आणि ख्रिस्तसभा जे करते तेच करण्याचा तिचा हेतू असेल तर तो ग्राह्य असतो, हे आपल्याला धर्मशिक्षणात शिकवले जाते. तेव्हा २००१ चा निर्णय देणाऱ्याच्या योग्यतेविषयी किंवा मॉर्मन लोकांच्या सज्जनपणाविषयी नव्हता. कार्डिनल जोसेफ रॅट्झिंगर त्या वेळी श्रद्धासिद्धांत मंडळाचे प्रमुख होते; परमगुरू जॉन पॉल दुसरे यांनी निर्णयाला संमती दिली. त्यामागचे कारण अर्थाचे होते. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे शब्द तेच. पण ते ज्यांना उद्देशून उच्चारले जातात, त्यांच्याविषयीची श्रद्धा मुळातच निराळी. स्नानसंस्कार ख्रिस्ताने स्थापन केला असे आपण मानतो. मॉर्मन शिकवणीनुसार तो आदामापासूनच चालत आला आहे. शब्द सारखे राहून अर्थ इतका बदलला, तर हेतूही बदलतो. लुथरन किंवा मेथॉडिस्ट बंधूंशी आपले मतभेद कितीही असले, तरी त्रैक्याविषयी त्यांचा आणि आपला विश्वास एकच आहे. फरक नेमका येथे आहे.

आणि त्या मूळ विटेचे काय? ख्रिस्ताने आपली मंडळी खडकावर उभारण्याचे आणि अधोलोकाची सत्ता तिच्यावर प्रबळ न होऊ देण्याचे वचन पेत्राला दिले, असे आपण शुभवर्तमानात वाचतो. ती मंडळी प्रेषितांनंतर लगेच नाहीशी झाली असे मानले, तर ते वचन सतराशे वर्षे पोकळ ठरते. त्या सतराशे वर्षांत हुतात्मे झाले, संत अगस्तिन झाले, संत फ्रान्सिस असिसीकर झाले. पापी बिशपही झाले आणि पापी परमगुरूही झाले. ख्रिस्तसभा जखमी झाली, मलिन झाली. पण मेली नाही. आपले आणि मॉर्मन बंधूंचे मतभेद अनेक आहेत, पण ते सारे या एका प्रश्नाशी येऊन थांबतात.

तरीही जोसेफच्या प्रश्नातून आपली सुटका नाही. उत्तर त्याचे असेल. प्रश्न मात्र ख्रिस्ती लोकांच्या भांडणांनी निर्माण केला होता. एकाच प्रभूचे नाव घेणारे लोक एकमेकांवर तुटून पडत होते, हे पाहून एक मुलगा रानात गेला. जेथे ख्रिस्ती माणसे आपसांत फुटतात, तेथे पुढची पिढी गोंधळून नव्या दाराशी जाते, हा या इतिहासाचा धडा आपल्या धर्मग्रामांनाही लागू आहे.

१८७९ सालची एक घटना येथे नोंदवण्याजोगी आहे. दक्षिण युटातील चांदीच्या खाणींच्या गावी फादर लॉरेन्स स्कॅनलन हे आयरिश धर्मगुरू काम करीत होते. जवळच्या सेंट जॉर्ज या मॉर्मन नगरात मिस्सा अर्पण करण्यास जागा नव्हती. मॉर्मन पुढाऱ्यांनी आपले प्रार्थनामंदिर त्यांना दिले. एवढेच नव्हे, तर मॉर्मन गायकवृंदाने लॅटिन मिस्साची गीते शिकून ती २५ मेच्या मिस्सात गायिली. फादर स्कॅनलन पुढे सॉल्ट लेकचे पहिले बिशप झाले. त्यांनी मॉर्मन शिकवण स्वीकारली नव्हती आणि मॉर्मन गायकही कॅथलिक झाले नव्हते. मार्च २०१९ मध्ये परमगुरू फ्रान्सिस आणि मॉर्मन मंडळीचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांची व्हॅटिकनमध्ये भेट झाली, तीही याच भावनेने.

ती तरुणांची जोडी दाराशी आली, तर दार लोटून घेण्याचे कारण नाही. त्यांना बसायला द्यावे, पाणी द्यावे, त्यांचे ऐकावे. पण आपला विश्वास काय आहे हे घरातील प्रत्येकाला, विशेषतः मुलांना, नेमकेपणाने सांगता आले पाहिजे. दर रविवारी आपण श्रद्धाप्रकटन म्हणतो. त्यातील प्रत्येक शब्दाचा अर्थ मुलांना समजावून सांगण्यासाठी आठवड्यातील एक संध्याकाळ काढली, तरी या लेखाचा हेतू सफळ होईल.